भूगोल शिकवा, पण माणसं मध्ये आणू नका

सहावी-सातवीला भूगोल शिकवायचं तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. वर्गात शिरण्याआधी एक खूणगाठ बांधून घ्या. डोंगर-नद्या एका धड्यात असतात आणि माणसं दुसऱ्या. या दोघांची भेट होऊ द्यायची नाही, यासाठीच तुमची नेमणूक आहे. डोंगर पहिल्या सत्रात उरका. माणसांचं काय, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘घरून वाचून या’ म्हटलं की झालं.

या कामातला खरा शत्रू म्हणजे ‘म्हणून’ हा शब्द. ‘नाईलला दरवर्षी पूर यायचा’ एवढं बोलून पूर्णविराम द्या. मग ‘इजिप्त ही नाईलची देणगी आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहा, दोनदा म्हणवून घ्या, पट्टीने अधोरेखित करायला लावा. देणगीत नेमकं काय काय आलं असं कुणी विचारलंच, तर देणगी म्हणजे देणगी. इथिओपियाच्या डोंगरांतला गाळ पुराबरोबर वाहत यायचा, त्यावर शेतं पिकायची, १९७० साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, गाळ भिंतीमागे अडकला आणि शेतकरी खताच्या पोत्यांकडे वळला, हे सांगायच्या फंदात पडलात तर पोरं बाक सोडून नकाशाला नाकं लावतील. आणि इजिप्तचा रात्री अवकाशातून काढलेला फोटो तर चुकूनही दाखवू नका. काळ्याकुट्ट पाटीवर दिव्यांची एकच नागमोडी रेघ आणि तिच्या टोकाला त्रिभुज प्रदेशाचं उमललेलं फूल. सुमारे ९५ टक्के लोक ५ टक्के जमिनीवर का दाटलेत, हे तो फोटो चकार शब्द न काढता सांगून टाकतो. मग तासभर तुम्ही काय करणार?

चिलीच्या अटाकामा वाळवंटाच्या धड्याला मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: ‘एवढा समुद्र शेजारी आहे, मग पाऊस का नाही?’ प्रश्न चांगला आहे, म्हणजेच धोक्याचा आहे. विचारणाऱ्याला ताबडतोब खडू आणायला पिटाळा. नाहीतर समुद्रातला हम्बोल्टचा थंड प्रवाह, त्याच्यावरची वर चढायला नाखूश असलेली गार हवा आणि पलीकडून येणारं बाष्प अडवून बसलेला अँडीज पर्वत, हा सगळा गुंता सोडवत बसावं लागेल. तेवढ्यावर भागलं तर ठीक. चिलीच्या त्याच कोरड्या किनाऱ्यावर चुंगुंगो नावाचं मच्छिमारांचं गाव आहे. १९९०च्या दशकात तिथे डोंगरावर जाळ्या उभारून धुक्यातून पिण्याचं पाणी मिळवत. कोळ्यांच्या गावात डोंगरावर जाळी आणि जाळीत पाणी! मुलं हसणार. वर्ग हसला की शिस्त गेलीच.

‘म्हणून’ अगदीच टाळता आला नाही, तर एकदाच आणि दणकून वापरा. प्रदेश उष्ण, म्हणून लोक आळशी. प्रदेश डोंगराळ, म्हणून लोक काटक. पाठ व्हायला सोपं, तपासायला त्याहून सोपं. (खरं-खोटं हा इतिहासाच्या तासाचा विषय, आपण त्यात पडू नये.) फक्त सिंगापूर आणि इक्वेडोरची राजधानी कीटो एकाच दिवशी शिकवू नका. दोन्ही विषुववृत्ताला चिकटलेली. पण एक समुद्रसपाटीला घामाघूम झालेलं बंदर, दुसरं सुमारे २,८०० मीटर उंचीवर, जिथे संध्याकाळी स्वेटर लागतो. शिवाय सिंगापुरात उष्णतेने आळसावलेला माणूस दाखवा म्हटलं, तर सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांच्या रांगेत तो तुम्हाला सापडायचा नाही.

राहिला प्रात्यक्षिकाचा मोह. तो मला एकदा झाला होता, म्हणून पोटतिडकीने सांगतो. मोठा ट्रे, त्यात वाळू, बोटाने काढलेली नदी, मगभर पाणी आणि घरं म्हणून रिकाम्या काडेपेट्या. हवी तिथे वस्ती करा म्हटलं. सगळ्यांनी नदीला खेटून घरं मांडली. पाणी जवळ नको का? दुसरा मग मी जरा जोरात ओतला. निम्मं गाव वाहून गेलं. मग जी भांडणं सुरू झाली! एक म्हणे टेकडीवर जाऊ. दुसरा म्हणे, वर पाणी कोण वाहणार, तू? एका मुलीने कुणाशी न बोलता काठावरच वाळूचा उंचवटा थापला आणि त्यावर आपली काडेपेटी ठेवली. तिसरा मग आला, तिचं घर राहिलं.

नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या फ्रीसलँडच्या लोकांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हेच केलं होतं. समुद्राला बांध घालायचं कुणाला सुचण्याच्या कितीतरी आधी ते मातीचे उंचवटे रचून त्यावर राहत. नेदरलँड्सचा जवळपास चौथा हिस्सा आजही समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि लोक तिथे खुशाल नांदतायत. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि घंटा झाली.

फरशीवर चिखल, मधल्या सुट्टीतही चौघं ‘सर, अजून एकच मग’ म्हणून ट्रेला चिकटलेले, आणि एकाच्याही वहीत एक ओळ नाही. संध्याकाळी लाल शाईतला शेरा मिळाला: ‘वर्गकार्य अपूर्ण. नकाशा रंगवून घेणे.’