बटण दाबणारा आणि यादी वाचणारा

माणूस मुळातच वाईट, हे पटवायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. १९६१, येल विद्यापीठ. ४० साधे पुरुष, साडेचार डॉलर मानधन. समोर विजेचे शॉक देणारं ३० बटणांचं यंत्र, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. पलीकडच्या खोलीतला माणूस शब्दांची जोडी चुकला की पुढचं बटण दाबायचं. शॉक खोटे आणि तो माणूसही प्रयोगातलाच, पण दाबणाऱ्याला याचा पत्ता नाही. ३०० व्होल्टला भिंतीवर धडाधड आवाज, ३१५ नंतर सगळं चिडीचूप. तरीही २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. म्हणजे ६५ टक्के.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. पण मिलग्रमने मांडणी बदलून बदलून हाच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि खरा मुद्दा तिथे आहे. चुकणाऱ्याला त्याच खोलीत आणून बसवलं: ४० टक्के. त्याचा हात धरून शॉकच्या पट्टीवर दाबायला लावला: ३०. सूचना देणारे साहेब उठून गेले आणि फोनवरून बोलू लागले, तर जेमतेम पाचातला एक. (काहींनी गुपचूप कमी व्होल्टचं बटण दाबलं आणि साहेबांना कळूही दिलं नाही. याला चांगुलपणा म्हणायचं की भित्रेपणा?) सोबत बसवलेल्या, प्रयोगातल्याच दोघांनी मध्येच काम सोडलं, तर ४० पैकी फक्त ४.

आणि बटण दुसऱ्याच्या हाती देऊन याला नुसतं शब्द वाचण्यासारखं बिनधोक काम दिलं, तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले! ‘मी फक्त फाइल पुढे पाठवली’ म्हणणारे आपल्या कचेऱ्यांत कमी आहेत का? ४ आणि ३७, दोन्हीकडे तशीच सामान्य माणसं. मग ‘मुळात’ कसली, चांगली की वाईट? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. शेजारी कोण बसलंय आणि बटण कोणाच्या हातात आहे, ते आधी विचारा.

या प्रयोगावर आक्षेप आहेत, आणि ते रास्तच आहेत. काहींना हे नाटक असल्याचा संशय आला होता. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गरने हाच प्रयोग पुन्हा करून प्रसिद्ध केला. त्याने १५० व्होल्टलाच थांबवलं, तरी सुमारे ७० टक्के लोक पुढे जायला तयार होते. पण कचरणाऱ्याला ढकलायला जी चार ठरलेली वाक्यं होती, त्यातलं शेवटचं म्हणजे सरळ हुकूम: तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं. बर्गरच्या प्रयोगात ते ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही.