बाळ घेऊन क्योटोला गेलो आणि माणसांनी डोकं फिरवलं

धडधाकट माणसं लिफ्टमध्ये का घुसतात हे मला कुणीतरी सांगा. हातात एक चिमुकली पर्स, पायात महागडे स्पोर्ट शूज, बाजूला एस्कलेटर चालू, आणि तरी हे लिफ्टच्या रांगेत! क्योटो स्टेशनवर शनिवारी सकाळी आम्ही बाबागाडी घेऊन उभे, लिफ्ट येतेय, भरतेय, जातेय, परत येतेय, परत भरतेय. व्हीलचेअर, बाबागाडी आणि म्हाताऱ्या माणसांना आधी जाऊ द्या असं तिथे चित्रासकट लावलंय, जपानी येत नसेल पण चित्र तर दिसतं ना? आमच्या मागे एक आजी काठी टेकत उभ्या होत्या, त्यांनाही कुणी पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी नवऱ्याने गाडी उचलली, मी लेकीला कडेवर घेतलं आणि गेलो जिन्याने.

आणि मग बस. क्योटोत सबवेच्या लाइन दोनच, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम, आणि किंकाकुजीचं देऊळ म्हणा, गिंकाकुजीचं म्हणा, ज्यासाठी सगळं जग तिथे येतं त्या जागा सबवेपासून लांब, त्यामुळे झक मारत बसच पकडावी लागते. मागच्या दाराने चढायचं आणि पुढे ड्रायव्हरपाशी २३० येन देऊन उतरायचं, म्हणजे अख्ख्या गर्दीतून गाडी आणि बाळ घेऊन पुढे सरकायचं, नोव्हेंबरातल्या वीकेंडला, जेव्हा पानं लाल झालीत म्हणून मुंगी शिरायला जागा नसते! बाबागाडी ट्रेन-बसमध्ये घडी न करता नेता येते हे जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्या समितीने २०१४ मध्येच ठरवलंय, बसमध्ये त्यासाठी जागा आहे, गाडी बांधायला पट्टा आहे, आणि त्या जागेवर काय उभं होतं? लोकांच्या भल्यामोठ्या सुटकेस. मी सुमिमासेन सुमिमासेन (म्हणजे माफ करा, जरा वाट द्या) करून थकले, सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून. लेक गरमीने लालबुंद होऊन रडायला लागली तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना बरोब्बर वळल्या, वैतागून बघायला!!

कियोमिझुदेरा या डोंगरावरच्या देवळाचं ते लाकडी सज्जासारखं स्टेज, १६३३ साली परत बांधलेलं, खाली सगळं लालकेशरी जंगल, ते बघायची मला किती वर्षांची इच्छा होती. वर जायचा रस्ता चढाचा, सान्नेनझाका नावाच्या गल्लीत दगडी पायऱ्या, ते सगळं मान्य, शेकडो वर्षं जुनं गाव आहे, त्याला रॅम्प कुठून असणार, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. राग माणसांचा आहे. वर पोचल्यावर कडेला गाडी लावली, ब्रेक लावला, लेक आत्ता कुठे झोपली होती, मी बाटली काढायला वाकले आणि एका माणसाने त्याच्या बायकोचा फोटो नीट यावा म्हणून आमची गाडी पायाने बाजूला ढकलली. पायाने! आत बाळ झोपलेलं दिसत असताना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा काही बोलेपर्यंत तो फोटो काढून निघून पण गेला.

डायपरचं तर विचारूच नका. रस्त्यावर कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही, वापरलेले डायपर पिशवीत बांधून दिवसभर पाठीवर वागवायचे, ते एक वेळ चालेल, जपानमध्ये राहतो तर सवय आहे. पण काही ठिकाणी बाळाला बदलायचं टेबल फक्त बायकांच्या टॉयलेटमध्ये! मग बाप काय करणार? बायकांची रांग बाहेरपर्यंत आलेली, मी लेकीला घेऊन त्यात उभी आणि हा बिचारा हातात वाइप्स घेऊन बाहेर. आणि याच गावात डिपार्टमेंट स्टोअरच्या बेबी रूममध्ये जा, गरम पाणी आहे, दूध पाजायला वेगळी खोली आहे, सगळं चकाचक. म्हणजे सोय करता येते, चांगली करता येते, मग बाकीच्या ठिकाणी का नाही?

जेवायला एका छोट्या हॉटेलात गेलो तर दारातच हाताने फुली करून दाखवली, लहान मुलं नाही. अर्धं हॉटेल रिकामं होतं. मग नदीकाठी थंडीत बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले.

आता कुणीतरी म्हणणारच, एवढ्या लहान बाळाला घेऊन कशाला गेलात. ऐका, आम्ही टोकियोत राहतो, आजी-आजोबा पुण्यात, बाळाला ठेवणार कुणाकडे? नोझोमी बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांवर क्योटो आहे, वर्षभर राबून एक वीकेंड मोकळा मिळाला, तर बाळ झालं म्हणून आईने घरात कोंडून घ्यायचं का? साकुराला, म्हणजे चेरी फुलतात तेव्हा, मी परत जाणार, लेकीला घेऊनच जाणार, आणि यापुढे कुणी गाडीला पाय लावला ना तर सुमिमासेन वगैरे काही नाही, सरळ मराठीत ओरडणार.