टिकाऊ चुका कशा कराव्यात

तुमच्या कोडमधली चूक टेस्टरला दोन दिवसांत सापडत असेल, तर तुमची मेहनत कमी पडतेय. असल्या चुकीला आयुष्य नसतं. जिरा नावाच्या तक्रारवहीत तिकीट येतं, तुम्ही दोन ओळी बदलता, तिकीट बंद होतं आणि टपरीवरच्या चहाला कुणी तुमचं नावसुद्धा काढत नाही. तिकडे शेजारच्या टीममधल्या एका पुण्यवानाने ‘वैध आहे का’ अशा नावाच्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, अवैध निघालेली नोंद जागच्या जागी पुसून टाकायची सोय करून ठेवलेली असते. विचारलं, की पुसलं. माणूस केव्हाच कंपनी बदलून गेला, पण त्या फंक्शनचा स्क्रीनशॉट अजून दर नव्या बॅचला दाखवतात. कीर्ती म्हणतात ती ही. तुम्हालाही मिळू शकते. फक्त चूक करतानाच ती पुढच्या पिढ्यांना कशी पुरेल, याचा विचार हवा.

आदर्श ठेवायचाच तर एक्सेलचा ठेवा. एका चौकटीत ६० लिहा आणि तिला तारखेचा फॉरमॅट द्या. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख येईल. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे हा दिवस कधी उगवलाच नाही. चूक मुळात लोटस १-२-३ या सॉफ्टवेअरची. लोकांच्या लोटसमधल्या फायली विनातक्रार चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली. लोटस गेलं, चूक राहिली. याच एक्सेलमध्ये संशोधकांनी ‘मार्च१’ हे जनुकाचं नाव टाइप केलं, की त्याची १ मार्च ही तारीख व्हायची. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कपाळाला हात लावत राहिले आणि अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले. तिने जनुकाचंच नाव बदललं. सॉफ्टवेअरच्या नादी लागण्यापेक्षा माणसाच्या पेशीतल्या ऐवजाचं पुन्हा बारसं करणं सोपं पडलं! क्लायंट कॉलवर ‘हा बग आहे’ म्हणून तापला, की हे मनात आणा आणि शांतपणे म्यूट करा.

१९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउजर आणि वेबसाइटने एकमेकांशी कसं बोलावं याच्या, दस्तावेजात ‘रेफरर’ (माणूस कुठल्या पानावरून आला ते सांगणारा शब्द) याच्या स्पेलिंगमधला एक आर गळला. तो ब्राउजर अजून इमानेइतबारे गाळतात. चूक करायची तर अशी वेळेवर करावी.

आता कमेंटबद्दल, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांबद्दल. कमेंट जरूर लिहाव्यात, त्यातून माहिती तेवढी देऊ नये. ‘आय’ नावाच्या आकड्यात एक मिळवणाऱ्या ओळीच्या डोक्यावर ‘इथे आयमध्ये एक मिळवला’ असं लिहावं, आणि त्याखालच्या चाळीस ओळींच्या गुंत्यावर एवढंच: ‘तात्पुरतं. नंतर काढणे.’ पुढे तारीख हवी, शक्यतो २०१४ ची. या शाळेची परंपरा थोर आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी कमेंट होती की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. पुढे युनिक्सच्या जनकांपैकी एक, डेनिस रिची यांनी कबूल केलं, की खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं. तुम्ही एवढं प्रांजळ होऊ नका. रिचींचं अप्रेझल कुणी रोखणार नव्हतं.

पण हे सगळं हात बसवण्यापुरतं. खरी कसदार जमीन तारखांची, आणि तीही भारतात. बाकीच्या बऱ्याच जगाला ग्रिनिचपासून पूर्ण तासांचा फरक मिळाला. आपल्या वाट्याला साडेपाच आले. या अर्ध्या तासाचं सोनं करायला शिका.

आपल्याकडे गावोगावच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. या मंडळींसाठी एखादा फॉर्म तुमच्याकडे आला, तर जन्मतारीख नुसती तारीख म्हणून साठवू नका. तिला वेळ चिकटवा, भारतातली मध्यरात्र. सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर असतो, त्याच्या हिशेबी हा माणूस ३१ मेच्या संध्याकाळी साडेसहाला जन्मतो. स्क्रीनवर ३१ मे दिसते. एका कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या एका बदलात, अख्ख्या पिढीचा वाढदिवस हलला. गुरुजींना त्यासाठी वर्षानुवर्षं हजेरीपट भरावे लागले होते.

इथे कच्चा माणूस घाबरून मूळ दुरुस्त करायला जातो. तुम्ही तारीख साठवतानाच तिच्यात एक दिवस मिळवा आणि शेजारी लिहा, ‘हात लावू नये’. स्क्रीनवर १ जून आली, डेमो झाला, टाळ्या पडल्या. रिपोर्टवाली टीम मात्र आधीपासून साडेपाच तास मिळवूनच वाचत होती, तिला आता २ जून दिसते. ती तुम्हाला विचारणार नाही, कारण तुमची तिची बोलाचाली मागच्या रिलीजपासून बंद आहे. ती आपल्या बाजूला एक दिवस वजा करेल. आता दोन चुका एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत आणि कुठलीही एक काढली की दुसरी उघडी पडते. याला आर्किटेक्चर म्हणतात. हे समजलेली दोन माणसं कंपनीत असतात आणि त्यांची रजा कधीच एकदम मंजूर होत नाही.

याहून वरची पायरी गाठायची असेल, तर १९४३ साली जन्मलेले आजोबा धरा. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं आणखी तासभर पुढे केलेली होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. टाइमझोनच्या लायब्ररीला हे ठाऊक असतं. तुम्ही हाताने लिहिलेल्या ५.५ ला नसतं. तेव्हा साठवताना लायब्ररी वापरा आणि वाचताना ५.५. आजोबांची मध्यरात्र आदल्या दिवशी रात्री अकराला जाऊन पडेल, बाकी सगळ्यांचं बरोबर येईल. टेस्टरला हा बग सापडत नाही, तो जन्मतारीख म्हणून कायम ०१/०१/१९९० टाकतो. बग सापडतो टेस्टरच्या आजोबांना, आणि त्यांच्याकडे जिराचं लॉगिन नसतं.

मराठी नावं हा असाच एक दुर्लक्षित खजिना. ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ अशी अट घाला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात सगळ्या लिपींची चिन्हं ठरवणाऱ्या यादीच्या, लेखी काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नव्हेत, त्या खुणा. चाळणीतून ‘क्षितिज’ गाळला की ‘कषतज’ उरतो, आणि वर लाल अक्षरांत सूचना येते की कृपया आपलं नाव नीट टाका. तोच क्षितिज उलटा करून पाहा. संगणकाच्या मोजणीत त्यात सात चिन्हं आहेत. ती एकेक करून उलट लावली की ‘जितिष्क’ तयार होतो. या नावाचा ऋषी पुराणात का नाही, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

जुना कोड कधीही काढू नका. कुणालाच नको असलेलं फंक्शन असेल तिथे असू द्या, आणि ते चालू-बंद करणारा फ्लॅग दुसऱ्याच कामाला जुंपा. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने हे निष्ठेने केलं. २००३ पासून पडून असलेलं फंक्शन आणि त्याचाच फ्लॅग नव्या कामाला. आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठव्यावर जुनाच राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला, आठव्या सर्व्हरने जुनी ओळख दाखवत शेअरच्या ऑर्डरी सोडायला सुरुवात केली आणि पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. शिकण्यासारखं पुढेच आहे. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने स्वतःहून ९७ ईमेल पाठवले होते, आणि त्यांत त्या जुन्या फंक्शनचं नावही होतं. कुणी मनावर घेतले नाहीत. तेव्हा तुमच्या सिस्टिमचे अलर्ट कायम सगळ्यांना जातील असं पाहा. ‘डिस्क ९१ टक्के भरली’ असा मेल ज्याला दर पाच मिनिटांनी येतो, त्याच्या इनबॉक्समध्ये काहीही बिनधास्त लपवता येतं.

रिव्ह्यूचं, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासण्याचं, फार मनावर घेऊ नका. दहा ओळींचा पीआर (तपासून सामील करायचा बदल) दिलात तर लोक त्यात बारा चुका काढतील. दोन हजार ओळी एकदम द्या, शुक्रवारी संध्याकाळी सहाला, हिंजवडीच्या गर्दीत सापडायच्या आत निघू पाहणाऱ्या माणसाकडे. तीन मिनिटांत ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी, ‘मला ठीक वाटतंय’) येतं, कधीकधी अंगठ्यासकट.

राहता राहिला गिट ब्लेम, म्हणजे कोडची कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी सोय. कीर्ती हवी हे खरं, पण ती आपण नोटीस पिरियड संपवून बाहेर पडल्यावर यावी. नव्याने रुजू झालेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात काम काय द्यायचं, असा प्रश्न असतोच. तिच्याकडून अख्ख्या रेपोचं, म्हणजे कोडच्या साठ्याचं, फॉरमॅटिंग करून घ्या. टॅबचे स्पेस झाले, की जवळपास प्रत्येक ओळीवर तिचं नाव. कॉलेजातून नुकतीच आलेली मुलगी २०१४ च्या कोडची लेखिका कशी झाली, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

आणि जाताजाता म्हातारपणाची तरतूद. वेळ साठवायला ३२ बिटच वापरा. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद त्यात १९ जानेवारी २०३८ पर्यंतच मावतात. त्या मंगळवारी आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असतील. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि डिसेंबर १९०१ उजाडतो. बँकेच्या प्रोजेक्टवर असाल तर तेवढं थांबायचंही कारण नाही, वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख आजच काढावी लागते. वाकडला फ्लॅट घेतलेला कुणीतरी कागद घेऊन काउंटरवर उभा राहील, की बघा, माझं कर्ज गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच फिटलंय, आजोबांच्याही जन्माआधी. मधल्या शंभराहून जास्त वर्षांचं व्याज तो परत मागेल. ते किती होतं, हेही तुमच्याच कोडला काढू द्या.