शिल्लक हिरव्या रंगात दाखवण्याची कला

पगार चांगला असेल तरच खर्चाचा हिशेब लिहायला घ्या. २५ हजारांत पाच माणसांचं घर चालवणाऱ्याला ही चैन परवडत नाही, कारण पैसे कुठे गेले हे त्याला न लिहिताच पाठ असतं. तुमचं तसं नाही. १ तारखेला दीड लाख जमा होतात आणि १९ तारखेला मोबाइलवरचा बॅलन्स तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा बघत बसता. तेव्हा लिहायला हवंच. मी गेली सहा वर्षं लिहितो आहे. शिल्लक काही पडलेली नाही, पण ती का पडली नाही याचे माझ्याइतके टापटीप कागद आमच्या सोसायटीत दुसऱ्या कुणाकडे नसतील.

सुरुवात एक्सेलने करा. पहिला रविवार रकान्यांना रंग देण्यात घालवा. खर्चाला फिकट गुलाबी, शिल्लक अधिक असेल तर हिरवा, उणे असेल तर लाल, आणि हा रंग आपोआप बदलला पाहिजे. हे साधायला संध्याकाळ होते, मग स्वयंपाक कोण करणार? बाहेरून मागवा. ६४० रुपये. वहीतली पहिली नोंद झाली.

उत्पन्नाच्या रकान्यात हातात येणारा पगार लिहू नका, पॅकेज लिहा. २४ लाख! त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, आणि साहेबांच्या मर्जीवर अवलंबून असलेला बोनसही असतो. पण माणसाला आकड्याकडे बघून हुरूप आला पाहिजे. रिफंड आणि कॅशबॅकही उत्पन्नातच धरा. तीन कुर्ते मागवून दोन परत केले की दोन कुर्त्यांची कमाई झाली.

एक्सेलचा कंटाळा आला की (साधारण १२ तारखेला येतो) बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंद करणारं अ‍ॅप घ्या. अ‍ॅप हुशार असतं. तुम्ही कार्डावर टीव्ही घेतला की ते एक खर्च धरतं आणि महिनाअखेर कार्डाचं बिल भरलंत की त्याच टीव्हीचा दुसरा. तुम्ही एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात, पैसे टाकलेत तरी त्याला वाटतं उडवलेत. मग ते दुरुस्त करत बसायचं. आमच्या घरी एका महिन्यात कागदोपत्री तीन टीव्ही होते. शोधाशोध करता करता जो आनंद मिळाला, तो प्रत्यक्ष टीव्हीने दिलेला नाही.

खरी मजा मात्र यूपीआयच्या यादीत आहे. २०१६ साली हे सुरू झालं तेव्हा सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, आणि सुट्ट्यांबरोबर आठवणही गेली. नोट मोडताना पोटात थोडं तरी हलायचं. आता डबा बोलतो, ‘प्राप्त हुए’, आणि आपण पुढे चालू लागतो. महिन्याअखेर यादी उघडावी तर त्यात भजी, चहा, पंक्चर, केळी असं काहीच नसतं. माणसं असतात. कुण्या एका बाईंना १४० रुपये. कुण्या ‘एंटरप्रायझेस’ला ८५. या बाई कोण, असं घरात विचारलं जातं, आणि तुम्हाला खरोखरच माहीत नसतं, हे सिद्ध करायला पुरावा नसतो. आमच्याकडच्या बाई तीन दिवसांनी सापडल्या. कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याने क्यूआर वहिनीच्या खात्याचा लावला होता. या तपासासाठी पुन्हा पाणीपुरी खावी लागली, तिचे १२०. ते मी ‘संशोधन’ या शीर्षकाखाली टाकले.

इतका त्रास नको असेल तर यूपीआय लाइट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं मोबाइलमधलं छोटं पाकीट, सुरू करा. १,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाला पिन लागत नाही, आणि पासबुकात वडापाव वेगळा, रिक्षा वेगळी असं काही उमटत नाही. पाकिटात पैसे भरल्याची एकच ओळ येते. पाकीट ५,००० चं. सबंध आठवड्याचं खाणंपिणं एका ओळीत नाहीसं होतं. हिशेबात इतकी सुबकता पूर्वी फक्त सहकारी संस्थांच्या अहवालात दिसायची.

आता शीर्षकं. इथे कंजुषी नको, कारण खर्च तोच राहतो, शीर्षकाने मनाला बरं वाटतं. घड्याळ पावलं मोजतं, म्हणून ‘आरोग्य’. नवा फोन ‘व्यवसायवृद्धी’. गोव्याची सहल ‘कुटुंब’, आणि एकटे गेला असाल तर ‘मानसिक आरोग्य’. ‘किरकोळ’ हे शीर्षक जुनं आणि आदरणीय आहे, आमच्या वडिलांच्या वहीतही ‘कि.’ असायचं, पण ते १२ रुपयांवर जात नसे. तुमचं किरकोळ ९ हजारांच्या खाली आलं तर कुठेतरी नोंद राहिली आहे असं समजा. त्याखाली ‘इतर’ ठेवा. बायकोने ‘इतर’मध्ये काय आहे असं विचारलं तर ‘किरकोळ’ म्हणा, आणि ‘किरकोळ’बद्दल विचारलं तर, अर्थात, ‘इतर’.

आणि एक शीर्षक कधीही विसरू नका: ‘या महिन्यापुरता’. जानेवारीत संक्रांतीचं वाण. लुटायचंच तर जरा बरं काहीतरी लुटावं. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, त्या वरच्या १०० रुपयांवर महिनाभर सरकारला नावं ठेवा आणि व्हॅलेंटाइनच्या जेवणाचे साडेचार हजार शांतपणे भरा. मार्चात विम्याचा हप्ता. एप्रिलमध्ये हापूसची पेटी, कारण अक्षय्य तृतीया, आणि मग दुसरी पेटी, कारण पहिली सासरी पाठवली. मेमध्ये लग्नं. जूनमध्ये शाळा, दप्तर, रेनकोट. जुलैत पाऊस, म्हणून लोणावळा. मग गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि दिवाळीत काय झालं हे डिसेंबरात कळतं, तोवर वर्षअखेरीची सुट्टी आलेली असते. हे बाराही महिने अपवाद आहेत. एखादा साधा महिना यायचा आहे. तो आला की बचत सुरू.

बारकाई कशी करायची तेही सांगतो, कारण लोक इथे घाई करतात. १५ रुपयांची कोथिंबीर हवी आहे. दहा मिनिटांत घरी येते, पण आणून द्यायचे ३० रुपये. ३० रुपये! चांगला पगार असला म्हणून काय, पैसे झाडाला लागतात का? १९९ च्या वर घेतलं तर हे ३० माफ. तेव्हा १९० चे मखाणे घ्या. अ‍ॅप स्वतःहून लिहून देतं, ‘तुम्ही ३० रुपये वाचवलेत.’ ते ३० बचतीच्या रकान्यात घाला. महिन्यातून वीस वेळा केलंत तर ६०० रुपये वाचतात. मखाणे माळ्यावर ठेवा.

मोठ्या आकड्यांकडे मात्र बघायचं नाही. वाकडचा फ्लॅट, ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे हप्ता ६९ हजार चारशेच्या आसपास. पहिल्या हप्त्यातले सुमारे ५६,७०० नुसतं व्याज असतं, भिंती तुमच्या होतात त्या १२ हजार सातशेच्या मानाने. दोन खोल्या पुरत असताना तिसरी खोली घेतली, त्या खोलीत सध्या व्यायामाची सायकल आणि सायकलवर वाळत घातलेले कपडे आहेत. पण हा खर्चच नव्हे. ही मालमत्ता. हिशेबाच्या बैठकीत तिचा विषय काढणारा माणूस घरात नकारात्मकता पसरवतो. विषय कोथिंबिरीचाच हवा.

कार्डाचंही तेच. बिल ६० हजार आलं तर घाबरू नका, खाली ‘किमान देय’ म्हणून ३,००० लिहिलेले असतात. तेवढेच भरा आणि उरलेले विसरा. उरलेल्या ५७ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के लागतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३५० पुन्हा बिलात येऊन बसतात. शिवाय यापुढे कार्डावर जे घ्याल त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. पण एसआयपी मोडू नका हं. वर्षाला ४२ टक्के देत असताना कधीतरी १२ मिळतील या आशेने दरमहा १० हजार टाकत राहणं, यालाच आर्थिक शिस्त म्हणतात. मित्रांना एसआयपीबद्दल सांगा. कार्डाबद्दल कुणी विचारत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे यातलं काहीच नाही. अ‍ॅप नाही, रंग नाहीत, शीर्षकं नाहीत. बारा बायकांची भिशी आहे, महिन्याला २,००० ची. जिचा नंबर लागतो तिला २४ हजार एकदम. यंदा त्यांचा नंबर जूनमध्ये लागला आणि त्यांनी मुलीची डिप्लोमाची फी भरली. मी त्यांना म्हटलं, मावशी, या पद्धतीत खर्चाचं विश्लेषण होत नाही. त्या म्हणाल्या, ‘व्हय दादा,’ आणि फरशी पुसत पुढे गेल्या. मी पाय वर घेतले.

महिना संपताना काय करायचं तेवढं सांगायचं राहिलं. २९ तारखेला सगळं भरून झालं, मखाणे मोजून झाले, तरी खालचा आकडा उणे १४० दाखवत होता. लालभडक. तेवढ्यात इस्त्रीवाला दारात आला. बँकेचा सर्व्हर झोपलेला, घरात रोख रुपया नाही. मावशींनी भांडी तशीच ठेवली, हात पुसले, कनवटीची छोटी पर्स काढली आणि त्यातून २०० रुपये माझ्या हातावर ठेवले. इस्त्रीवाल्याला ६० दिले. उरलेले १४० खिशात ठेवले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ते २०० उत्पन्नात लिहा आणि इस्त्रीचे ६० पुढच्या महिन्यात ढकला. उणे १४० चे अधिक ६० होतात. रंग आपोआप हिरवा होतो.