आधी प्राध्यापक, मग स्कॉलरशिप

‘आधी स्कॉलरशिप मिळवा, मग गाइड शोधा’ हा परदेशातल्या पीएचडीवरच्या लेखातला सल्ला जर्मनीच्या बाबतीत तरी उलटा आहे. तिथे बहुतेक पीएचडी म्हणजे रीतसर नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, करार होतो, टीव्ही-एल ई-१३ या तिथल्या राज्य सरकारी वेतनश्रेणीत पगार मिळतो. कुठे अर्धा, कुठे पाऊण, विषयाप्रमाणे. आरोग्यविमा आणि पेन्शनचा साधारण निम्मा हप्ता विद्यापीठ भरतं. नोकरीऐवजी स्टायपेंडवर, म्हणजे शिष्यवृत्तीवर असाल तर पेन्शन जमाच होत नाही. हा फरक लेखात यायलाच हवा होता. आणि डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती मागायची म्हटली तरी बहुधा तिथल्या प्राध्यापकाचं संमतीपत्र आधी लागतं.

एमएस्सीनंतर मी साठेक प्राध्यापकांना नाव बदलून एकच ईमेल पाठवला होता. एकाचंही उत्तर नाही. मग एकांच्या पेपरातला आलेख ८० अंशांनंतर अचानक खाली का येतो, एवढंच विचारलं आणि माझ्या प्रोजेक्टमधला तसाच आलेख जोडला. दोन दिवसांत उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तासभर त्या आलेखावरच बोललो, मार्कांचा विषयही निघाला नाही.