डॉनोव्हनला वगळताना क्लिन्समनचं गणित कुठे चुकलं

जुन्या स्टारला वर्ल्ड कपच्या संघातून वगळलं की वाद लगेच मान-अपमानावर येतो. त्या वादात मला रस नाही. ब्राझीलच्या रोमारिओला २००२ मध्ये वगळलं ते बरोबर होतं. स्पेनच्या राउलला २००८ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, नेलं नाही, तेही बरोबर होतं. अमेरिकेचा कोच युर्गेन क्लिन्समनने आपल्या संघाचा जुना स्टार लँडन डॉनोव्हनला २०१४ च्या वर्ल्ड कपला घरी बसवलं, ती मात्र चूक होती. त्याच्या नावावर आधीच्या वर्ल्ड कपमधले पाच गोल होते, पण मी ते हिशेबात धरतच नाहीये.

आधी जागा मोजा. तेव्हा संघ २३ जणांचा असायचा. तीन गोलकीपर सक्तीचे, उरले २०. मैदानावर गोलकीपर सोडून १० जागा, म्हणजे जागेमागे दोन माणसं आणि शिलकीत शून्य. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा बोलवायची मुदत पहिल्या सामन्याच्या २४ तास आधी संपायची. सामन्यात बदल फक्त तीन. दोन वेगवेगळ्या सामन्यांत पिवळं कार्ड मिळालं की पुढचा सामना बाहेर. अशा चौकटीत एकाच जागेवर खेळणारा माणूस महागात पडतो आणि तीन जागांवर चालणारा सोन्याचा ठरतो.

रोमारिओ तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि खेळला असता तर गोलसमोरच. कोच स्कोलारीकडे पुढच्या फळीत रोनाल्डो, रिवाल्डो, रोनाल्डिन्यो होते. अख्खा ब्राझील ओरडत होता, तो बधला नाही, आणि कप घेऊन आला. डॉनोव्हन ३२ वर्षांचा. उजवा विंग, डावा विंग, स्ट्रायकरच्या मागे, गरज पडली तर स्ट्रायकर. वर कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टी. वर्षभरापूर्वीच, २०१३ च्या गोल्ड कपमध्ये (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा), तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. विसावी ते तेविसावी जागा अशाच माणसासाठी असते.

क्लिन्समनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २०१३ च्या सुरुवातीला डॉनोव्हनने फुटबॉलमधून काही महिने सुट्टी घेतली होती आणि पात्रता फेरीचे सामने चुकवले होते. २०१४ च्या अमेरिकन लीगमध्ये त्याचा सात सामन्यांत एकही गोल नव्हता. स्टॅनफर्डच्या कॅम्पमध्ये इतर जण त्याच्यापेक्षा थोडे पुढे दिसले, असं कोचचं म्हणणं. दिसलेही असतील. पण कॅम्प नेमकं काय मोजतो ते बघा. रोज कसून सराव, कधी दिवसातून दोनदा, पुन्हा पुन्हा तीच जोराची धाव. वय वाढलं की आधी जाते ती हीच पुनरावृत्तीची ताकद: सत्तराव्या मिनिटानंतरची पाचवी-सहावी स्प्रिंट, दहा दिवसांतला तिसरा सामना. पास कधी सोडायचा आणि बचावपटूच्या पाठीमागे कधी घुसायचं, ही समज जात नाही. ज्याला शेवटची पंचवीस मिनिटं उतरवायचं, त्याची परीक्षा रोजच्या दमछाकीवर घेतली तर तो नापास होणारच. त्याच्याकडून जे काम मागायचंच नव्हतं, त्यात त्याला कमी मार्क दिले गेले.

तारीखही खटकते. अंतिम यादी द्यायची मुदत होती २ जून. क्लिन्समनने ३० जणांतून सात जणांना २२ मे रोजीच काढलं. २७ मे रोजी अझरबैजान आणि १ जूनला तुर्कस्तान असे दोन सराव सामने मुदतीच्या आत होते. तिथे त्याला बदली म्हणून उतरवून अर्धा-अर्धा तास बघायला काय हरकत होती? २५ मे रोजी त्याने लीगमध्ये दोन गोल ठोकून तिथला सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. त्या दोन गोलांनी सिद्ध काहीच होत नाही म्हणा, पण घाई उघडी पडली.

वगळायचंच असेल तर ते लवकर करावं. स्पेनचा कोच अरागोनेसने सप्टेंबर २००६ नंतर राउलला बोलावणंच बंद केलं. पुढची पात्रता फेरी स्पेन त्याच्याविना खेळला, संघाची घडी व्हिया आणि टोरेसभोवती बसली. स्पर्धेच्या वेळेपर्यंत ओरड खूप झाली, पण ड्रेसिंग रूममध्ये रिकामी खुर्ची नव्हती. उलट जपानचा कोच ओकादाने १९९८ मध्ये आपला स्टार काझुयोशी मिउराला स्वित्झर्लंडच्या कॅम्पमधून, स्पर्धा दारात आलेली असताना परत पाठवलं. मिउरा असता तर जपान तिन्ही सामने हरला नसता, असं मी म्हणणार नाही. पण देशाच्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड कपच्या तोंडावर संघाचं लक्ष कुठे गेलं असेल, ते सांगायला नको.

स्टार बेंचवर बसवला की कॅमेरे बेंचकडेच वळतात, हा आक्षेप खरा आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालने स्वित्झर्लंडविरुद्ध क्रिस्तियानो रोनाल्डोला बसवलं, त्याच्या जागी आलेल्या रामोसने हॅट्‌ट्रिक केली, पोर्तुगाल ६-१ ने जिंकलं, तरी चर्चा रोनाल्डोचीच. म्हणून यादीच्या आधी बंद खोलीत सरळ विचारून घ्यायचं: सुरुवातीच्या अकरात नसशील, कदाचित एखाद्या सामन्यात एक मिनिटही मिळणार नाही, चालेल? तोंड वाकडं झालं तर खुशाल वगळा. आता २६ जणांचा संघ असतो, त्यामुळे 'जागाच नव्हती' ही सबब आणखी पातळ झाली आहे.

२०१४ चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये होता. तिथे काय झालं? नाताल शहरात घानाविरुद्ध पहिल्या पंचवीस मिनिटांच्या आत स्ट्रायकर अल्टिडोरचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला. एक बदल तिथेच खर्च. मध्यंतराला बचावपटू बेस्लरही हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर, दुसरा बदल खर्च. त्याच्या जागी आलेल्या ब्रुक्सने ८६ व्या मिनिटाला हेडरने सामना जिंकून दिला, हे क्लिन्समनच्या खात्यावर लिहायलाच हवं. पण अल्टिडोरच्या जागी आलेला योहान्सन पुढे स्पर्धेत दिसलाच नाही. डेम्प्सी, ज्याचं काम स्ट्रायकरच्या मागे फिरायचं, तो त्याच सामन्यात नाक मोडून घेऊनही पुढे एकटा राबत राहिला, मनाउस शहराच्या दमट उकाड्यातसुद्धा. बेल्जियमविरुद्ध ०-० असताना भरपाईच्या वेळेत बदली स्ट्रायकर वोंडोलोव्स्कीच्या पायाशी अगदी गोलसमोर चेंडू आला आणि वर गेला. हीच संधी डॉनोव्हनच्या पायाशी आली असती तर, हे कुणालाच सांगता येणार नाही. स्ट्रायकर जायबंदी झाला तर पुढची फळी कशी लावायची, हे ठरवून ठेवणं मात्र कोचच्या हातात होतं.

क्लिन्समनचे समर्थक अजून ज्युलियन ग्रीनच्या गोलाकडे बोट दाखवतात. पोरगा १९ वर्षांचा, राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना त्याच एप्रिलमधला, आणि बेल्जियमविरुद्ध जादा वेळेत, १०७ व्या मिनिटाला, पहिल्याच स्पर्शात सुरेख व्हॉली. गोल खराच देखणा होता. पण तो मैदानात आला १०५ व्या मिनिटाला, बेल्जियमचे दोन गोल झाल्यावर. त्याआधी चार सामन्यांच्या नियमित वेळेत त्याला एक मिनिटही दिलं नव्हतं, आणि बेल्जियमविरुद्ध ०-० असताना, ताज्या पायांची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा, क्लिन्समनने ग्रीनला बसवून ठेवून वोंडोलोव्स्कीलाच उतरवलं होतं.