कॅप्टन अमरिंदर यांच्या नावावर खपवला जाणारा दावा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सार असं: विधानसभेत माजी सैनिक बसवा, राजकारण सुतासारखं सरळ होईल. फौजी हुकूम पाळतो, पक्ष बदलत नाही, पैशाला शिवत नाही, आणि लोकही त्याला डोळे झाकून मत देतात. पुरावा म्हणून पंजाबच्या कॅप्टन अमरिंदर सिंग यांचं नाव: आयुष्य सीमेवर काढलं, मग मुख्यमंत्री झाले. अमरिंदर यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या दाव्यासाठी त्यांच्याइतकं गैरसोयीचं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

'आयुष्य सीमेवर काढलं.' नाही काढलं. खडकवासल्याची प्रबोधिनी, मग डेहराडून, १९६३ साली शीख रेजिमेंटमध्ये कमिशन. १९६५ च्या सुरुवातीला राजीनामा. त्याच वर्षी युद्ध पेटलं तसे ते परत रुजू झाले, आणि याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे; पतियाळाच्या महाराजांच्या मुलाला घरी बसायला कुणी नाही म्हटलं नसतं. त्या युद्धात ते पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबख्श सिंग यांचे एडीसी, म्हणजे त्यांच्या दिमतीचे अधिकारी, होते. १९६६ मध्ये पुन्हा बाहेर. म्हणजे फौजेतली नोकरी तीनेक वर्षांची आणि राजकारण १९८० पासून चार दशकांचं. त्यांना घडवलं कुणी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

'हुकूम पाळतो, पक्ष बदलत नाही.' इथे तर हसूच येतं. १९८० ला काँग्रेसचे खासदार. १९८४ ला सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं म्हणून खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडले. अकाली दलात गेले, १९८५ ला तलवंडी साबोतून आमदार झाले, सुरजितसिंग बर्नाला यांच्या अकाली सरकारात मंत्री झाले. १९८६ ला त्याच सरकारनं मंदिरात पोलीस पाठवले, तर मंत्रिपद सोडलं. मग स्वतःचा वेगळा अकाली गट, १९९८ ला परत काँग्रेस, २०२१ ला मुख्यमंत्रिपद गेल्यावर पंजाब लोक काँग्रेस हा स्वतःचा पक्ष, २०२२ ला भाजप. शेवटच्या उड्यांना काय म्हणायचं ते म्हणा. पण १९८४ आणि १९८६ चे राजीनामे हातातली सत्ता टाकून दिलेले आहेत, आणि ते हुकूम न पाळण्याचे आहेत.

पंजाबातलं पाणी हरयाणाला नेण्यासाठी आखलेल्या सतलज-यमुना जोड कालव्याचं प्रकरण पाहा. १९८२ साली कपूरी गावात इंदिरा गांधींनी कालव्याच्या कामाचा प्रारंभ केला तेव्हा पतियाळाचे खासदार म्हणून अमरिंदर तिथे हजर होते. बावीस वर्षांनी ते मुख्यमंत्री असताना सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की पंजाब कालवा पुरा करत नाही, तर केंद्रानं तो करावा. १२ जुलै २००४ ला अमरिंदर यांनी विधानसभेत विधेयक आणलं आणि शेजारी राज्यांशी झालेले पाणीवाटपाचे करारच मोडीत काढले. सभागृहात एकमत. दिल्लीत सरकार त्यांच्याच पक्षाचं, तरी त्याची पर्वा केली नाही. १० नोव्हेंबर २०१६ ला न्यायालयानं हा कायदा घटनेला धरून नाही असं मत दिलं, आणि अमरिंदर यांनी निषेध म्हणून अमृतसरची खासदारकी सोडली. पंजाबच्या शेतकऱ्याला ते 'पाण्याचे राखे', म्हणजे राखणदार, वाटले, हरयाणाच्या शेतकऱ्याला न्यायालयाला न जुमानणारे. मला यात धूर्त, धाडसी आमदार दिसतो. आज्ञाधारक कॅप्टन कुठेच दिसत नाही.

'पैशाला शिवत नाही.' अमृतसरच्या एका जमिनीच्या प्रकरणावरून २००८ ला विधानसभेनं त्यांना उरलेल्या मुदतीसाठी काढून टाकलं. २०१० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती हकालपट्टी रद्द केली, २०१८ ला खालच्या कोर्टात खटल्यातूनही सुटले. त्यांना सोडवलं ते कोर्टानं. छातीवरच्या पदकांचा तिथे काय संबंध?

'लोक फौजीला डोळे झाकून मत देतात.' २०१७ ला पतियाळात अमरिंदर यांच्यासमोर अकाली दलानं माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग यांना उभं केलं. कॅप्टन पन्नास हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, जनरलसाहेबांचं डिपॉझिट जप्त झालं. त्याच निवडणुकीत हेच कॅप्टन लंबी या दुसऱ्या मतदारसंघात अकाली नेते प्रकाशसिंग बादल यांच्याकडून हरले, आणि २०२२ ला पतियाळातही पडले.

फौजी डोकं त्यांनी कारभारात खरंच चालवलं ते एका ठिकाणी, आणि मजकुरात नेमकं तेच नाही. मुख्यमंत्रिपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत (२०१७ ते २०२१) त्यांनी 'गार्डियन्स ऑफ गव्हर्नन्स' योजना काढली. गावागावांत निवृत्त जवान नेमायचे, त्यांनी रेशन, पेन्शन, शाळा यांवर नजर ठेवून वर कळवायचं. हेतू वाईट नव्हता. पण निवडून आलेल्या सरपंचाच्या कामावर गावानं न निवडलेला माणूस लक्ष ठेवणार, आणि त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे न येता वर जाणार. पलटणीत हे चालतं, कारण तिथे जबाबदारी वरच्यालाच द्यायची असते. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं योजना गुंडाळली, आणि ती परत सुरू करा म्हणून रस्त्यावर उतरले ते माजी सैनिकच.